अक्षररचनेचे शिक्षण आणि आपली मुले

चांदूर बाजारच्या पेठेत कापूस, तूर व संत्र्यांचा व्यवहार करणाऱ्या अनेक पेढ्यांवर वहीखात्याच्या जोडीला आता संगणक आला आहे. त्यावर उमटणारी मराठी अक्षरे कोणी घडविली, हा विचार मात्र क्वचितच मनात येतो. विंडोज प्रणालीसोबत घराघरांत पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी यांनी रेखिला. जाहिरात क्षेत्रात नावाजलेले हे सुलेखनकार पुढे आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीत, अध्यापक झाले.

व्यापाऱ्याच्या अधिक जवळचे उदाहरण रुपयाच्या चिन्हाचे आहे. देवनागरी ‘र’ व रोमन ‘आर’ यांचा मेळ घालणारे हे चिन्ह डी. उदयकुमार यांनी तयार केले. ते तेव्हा आयडीसीतच संशोधक विद्यार्थी होते आणि त्यांचा अभ्यासविषय तमिळ अक्षररचनेशी निगडित होता. केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी त्यास मान्यता दिली. आज ते प्रत्येक बिलावर दिसते.

ग्राफिक डिझाइन म्हणजे लग्नपत्रिका व दुकानाच्या पाट्या, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः या विद्येच्या अनेक विशेष शाखा झाल्या आहेत. अक्षररचना, वेष्टनरचना, माहितीचे चित्ररूप, चलत्‌चित्र आणि मोबाइलवरील पडद्यांची मांडणी हे स्वतंत्र अभ्यासाचे विषय आहेत. देवनागरी फॉन्टसाठी मुळाक्षरांखेरीज जोडाक्षरे, रफार, मात्रा, वेलांट्या अशा शेकडो आकृत्या रेखाव्या लागतात. कोणती आकृती कोठे बसावी, याचे नियमही संगणकास शिकवावे लागतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ व ‘बलू’ हे फॉन्ट याच परिश्रमांतून साकारले असून ते सर्वांना विनामूल्य वापरता येतात.

येथे पालकांनी एक भेद ध्यानी घ्यावा. अल्पमुदतीच्या वर्गांत मुख्यतः सॉफ्टवेअर चालविणे शिकविले जाते. साधे चित्र वा पत्रक तर आता यंत्रही क्षणात करून देते. म्हणून केवळ साधन हाताळता येणाऱ्याचे मोल घटत जाईल. अमुक अक्षर का वाचले जात नाही, मसाल्याच्या पुडीवरील बारीक मजकूर वृद्ध ग्राहकास कसा दिसेल, हे जाणणाऱ्यास मात्र काम मिळत राहील. ही जाण काही वर्षांच्या शिस्तबद्ध अभ्यासानेच येते.

बारावीनंतर आयआयटीच्या बी. डेस. अभ्यासक्रमासाठी ‘यूसीड’ ही परीक्षा असते. ती विज्ञान, वाणिज्य व कला या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना खुली आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेशपरीक्षा वेगळी असते. पदवीनंतर आयडीसीत दृश्यसंवाद वा संवादरचनेचे उच्च शिक्षण ‘सीड’ परीक्षेद्वारे घेता येते. शालेय वयात एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्यास हात तयार होतो.

मुलगा वा मुलगी चित्रे काढू लागली, की ‘हा छंद राहू दे, आधी वाणिज्य पूर्ण कर’ असे आपण सहज म्हणून जातो. त्या बोलण्यामागे काळजी असते, हे खरे. तथापि मालाची पारख आपल्या मुलांना लहानपणापासून असते आणि ग्राहकाची नजर ती पेढीवर बसूनच ओळखू लागतात. डिझाइनच्या शिक्षणात हीच शिदोरी उपयोगी पडते. म्हणून निर्णय देण्यापूर्वी पाल्यासह या अभ्यासक्रमांची माहिती घ्यावी, पूर्वीच्या प्रश्नपत्रिका एकत्र बसून पाहाव्यात आणि मगच दहावी-बारावीच्या शाखेविषयी बोलावे.