कुंडीतला टोमॅटो : खान्देशात रोप कधी घ्यावे, कसे निवडावे?

टोमॅटोचे भाव कडाडले की गच्चीवर दोन-चार रोपे लावण्याचा विचार घरोघरी सुरू होतो. जुलै २०२३ मध्ये किरकोळ बाजारात टोमॅटो किलोला १०० रुपयांच्या पुढे गेला आणि केंद्र सरकारला काही शहरांत सवलतीच्या दराने टोमॅटो विकावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाव इतके कोसळले, की अनेक शेतकऱ्यांना तोडणीचा खर्चही निघेना. भाव पाहून जुलैत लावलेल्या रोपाची फळे हाती येतात ती नेमकी अशा वेळी. जळगाव-धुळ्यात तर भावापेक्षा दिनदर्शिका महत्त्वाची आहे. इथे चुकीच्या महिन्यात घेतलेले रोप वाढते, फुलतेही. पण फळ धरत नाही.

फुले येतात, फळ का धरत नाही?

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातला. दिवसा साधारण २० ते ३० अंश आणि रात्री १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या वर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला, की परागकण दुबळे होतात. मग परागीभवन नीट होत नाही आणि फुले देठापासून गळतात. खान्देशात मार्चअखेरीस पारा चाळिशीकडे जातो आणि मे महिन्यात ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी फुले गळताना पाहून खताचा डोस वाढवला जातो. पण अडचण खताची नसल्याने त्याचा उपयोग होत नाही.

फळाच्या रंगाचेही तसेच आहे. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन ३० अंशांपुढे नीट तयार होत नाही. म्हणून उन्हाळ्यात पिकलेले फळ अनेकदा पिवळट-नारिंगी राहते.

मग रोप कोणत्या महिन्यात घ्यावे?

रोप कुंडीत लावल्यापासून पहिले फळ पिकायला साधारण ६० ते ७० दिवस लागतात. त्यानंतर महिना-दीड महिना तोडणी चालते. हा हिशेब मांडला तर खान्देशासाठी सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरअखेर हा सर्वात खात्रीचा काळ ठरतो. भरिताच्या वांग्यांचा हंगाम रंगात येतो, तेव्हाच कुंडीतले टोमॅटोही लाल होऊ लागतात.

दुसरी संधी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असते. तेव्हा लावलेल्या रोपाची फळधारणा कडक ऊन पडण्याआधी होते. संक्रांतीनंतर मात्र रोप घेणे शक्यतो टाळावे. थंडीच्या लाटेत धुळ्याचा पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा रोपाची वाढ मंदावते आणि फळे उशिरा पिकतात. त्यामुळे घाबरून रोप उपटू नये.

रोपवाटिकेत काय पाहावे?

उंच आणि फुले लागलेले रोप आकर्षक दिसते, पण ट्रेच्या इवल्याशा खणात ते जास्त दिवस अडकून राहिलेले असते. त्याऐवजी २५ ते ३० दिवसांचे, वीतभरापेक्षा बुटके, जाड खोडाचे आणि चार-पाच पानांचे रोप घ्यावे. ते हळूच खणातून उचलून पाहावे. मुळे पांढरी आणि कोकोपीट धरून ठेवणारी असावीत. तपकिरी, गोल गुंडाळलेली मुळे दिसली तर रोप जुने झाले आहे, असे समजावे.

सर्वात महत्त्वाची तपासणी पानांच्या मागच्या बाजूची. रोप हलवताच बारीक पांढऱ्या माश्या उडत असतील, तर त्या ट्रेमधले एकही रोप घेऊ नये. पांढरी माशी लीफ कर्ल विषाणू पसरवते. त्यामुळे पाने वरच्या बाजूला वळतात, आकसतात आणि झाड खुजे राहते. या रोगावर औषध नाही. त्यामुळे शेडनेट किंवा कीडरोधक जाळीत वाढवलेले रोप चार पैसे जास्त देऊन घेतले, तरी ते परवडते.

वाणाचे नाव विचारायला संकोचू नये. बंगळूरुच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण लीफ कर्लसह तीन रोगांना प्रतिकारक म्हणून ओळखला जातो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘धनश्री’ आणि ‘भाग्यश्री’ हे वाण दिले आहेत. जळगाव जिल्ह्यात ममुराबाद व पाल येथे आणि धुळ्यात कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे वाणांबाबत सल्ला घेता येतो. कुंडीसाठी झुडपासारखा वाढणारा वाण सोयीचा, कारण उंच वाढणाऱ्या वाणाला भक्कम आधार द्यावा लागतो.

कुंडी आणि माती कशी असावी?

एका रोपाला १२ ते १५ इंचांची कुंडी किंवा १५ ते २० लिटरची ग्रो बॅग हवी. तळाला पाणी निचरण्यासाठी भोके असावीत. खान्देशची काळी माती कपाशीला उत्तम, पण कुंडीत ती ओली असताना चिकट होते आणि सुकल्यावर भेगाळते. म्हणून नुसती काळी माती भरू नये. दोन भाग पोयटा किंवा गाळाची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट घ्यावे. त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी.

आणलेले रोप तीन-चार दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवावे आणि मग संध्याकाळी लावावे. खालची दोन पाने काढून खोड उरलेल्या पानांच्या जरा खालपर्यंत मातीत गाडावे. टोमॅटोच्या गाडलेल्या खोडालाही मुळे फुटतात आणि झाड मजबूत होते. आधाराची काठी त्याच दिवशी रोवावी, म्हणजे नंतर मुळे दुखावत नाहीत. बुटक्या वाणाला कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्याही पुरतात.

झाडाला रोज किमान सहा तास ऊन हवे. मात्र कुंडी थेट तापलेल्या स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवावी. काळ्या पिशवीपेक्षा पांढरी पिशवी कमी तापते. फेब्रुवारीपासून दुपारच्या उन्हात शेडनेटची सावली द्यावी.

नळाला रोज पाणी नसेल तर?

जळगाव आणि धुळे शहरांच्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. मग नळ येतो त्या दिवशी कुंडी भरून पाणी दिले जाते आणि पुढचे काही दिवस माती कोरडी राहते. टोमॅटोला हीच ओढाताण सर्वाधिक बाधते. पाणी अनियमित मिळाले की फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही आणि फळाचे बूड काळे पडते. अचानक भरपूर पाणी दिल्यास फळे तडकतात.

यावर उपाय म्हणजे पाणी साठवून ठेवावे आणि थोडे-थोडे, पण नियमित द्यावे. बोटभर खोलीपर्यंत माती कोरडी लागली, तरच सकाळी पाणी घालावे. मातीवर केळीची वाळलेली पाने किंवा कडब्याचे तुकडे पसरल्यास ओल टिकते. आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते रोज घातल्यास क्षार कुंडीतच साचतात.

लावणीनंतर काय करावे?

कुंडीजवळ पिवळा चिकट सापळा टांगावा आणि आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी निंबोळी तेलाची फवारणी करावी. लीफ कर्ल झालेले झाड मोह न धरता काढून टाकावे, नाहीतर शेजारची मिरचीही सापडते. फुले आल्यावर सकाळी झाड हलकेच हलवावे. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. आडोशाच्या गच्चीवर वारा लागत नसल्याने एवढी मदत त्याला लागते.

ऐन मोसमात चांगले रोप मिळत नसेल, तर ते घरीही तयार होते. गणेश चतुर्थीला ट्रेमध्ये पेरलेले बी नवरात्रात लावणीला येते. मात्र ट्रे पहिल्या दिवसापासून बारीक जाळीखाली ठेवावा.