राखणीची हद्द

आमच्याकडे 'राखणदार' हा आधी देव असतो, मग माणूस. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची फेरी मारतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. देवाच्या या फेरीला कोणी परवाना विचारत नाही. माणसांनी फेरी सुरू केली की मात्र प्रश्न उभा राहतो, आणि तो मी स्वतः एकदा उभा राहिलेला पाहिला.

काही वर्षांपूर्वी वालावल परिसरात चाकरमान्यांच्या बंद घरांची कुलपे फुटल्याच्या बातम्या पसरल्या. खऱ्या किती, खोट्या किती, देव जाणे. आम्ही दहा-बाराजणांनी रात्रीची राखण सुरू केली. माझ्या हातात बॅटरी. चौथ्या रात्री बारा वाजून गेल्यावर एसटीच्या थांब्यावर एक माणूस पिशवी उशाशी घेऊन पडलेला दिसला. "खयचो रे तू?" त्याला मराठी धड येईना. एकाने मोबाईल काढून घेतला, दुसऱ्याने पिशवी उलटी केली, तिसऱ्याचा हात कॉलरवर गेला. मी त्याच्या तोंडावर प्रकाश धरून उभा. तो चिरेखाणीवर कामाला आला होता आणि त्याची शेवटची गाडी चुकली होती. समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली आणि ओरडली, "तेका आदी पाणी दिया, मगे काय ता इचारा!" तिथे ते थांबले. म्हातारीला झोप लागली असती तर काय झाले असते, हे मला आजही सांगता येत नाही.

मी वकील नव्हे. त्या रात्रीनंतर कायद्याची पुस्तके विकत घेतली आणि ओळखीच्या वकिलांना पिडत राहिलो. तेव्हा जुनी दंडसंहिता होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, गाभा बराचसा तोच राहिला. पुढचे आकडे नव्या संहितेतले आहेत.

गावकऱ्यांनी मिळून रात्री जागणे हा गुन्हा नाही. संविधानाचा अनुच्छेद १९ शांततेने व निःशस्त्र एकत्र जमण्याचा आणि संघ स्थापण्याचा हक्क देतो. यातला 'निःशस्त्र' हा शब्द आपण वाचताना गाळतो. त्याशिवाय कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क आहे. स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्याच्या शरीराच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठीही बळ वापरता येते. म्हणजे शेजाऱ्याच्या घरात शिरणाऱ्या चोराला अडवता येते. पण कलम ३७ तिथेच लगाम घालते: पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. चोर पळाला किंवा पकडून बांधला गेला की धोका संपला. त्यानंतरचा पहिला फटका संरक्षणात मोडत नाही.

पकडण्याचा अधिकारही सामान्य माणसाला आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा तुमच्या समक्ष घडला, किंवा समोरचा माणूस उद्घोषित गुन्हेगार असेल, तर त्याला अटक करता येते. मात्र विनाकारण वेळ न घालवता, आणि फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. 'समक्ष' या शब्दावर सगळे अवलंबून आहे. संशय पुरत नाही. थांब्यावर झोपलेल्या माणसाने आमच्या समक्ष काय केले होते? झोप काढली होती.

मग आम्ही काय केले होते? वाट अडवणे हा अन्यायी प्रतिरोध. तो कलम १२६ खाली गुन्हा आहे. आणि आम्ही पाचांहून जास्त होतो. कलम १८९ प्रमाणे पाच किंवा अधिक माणसे गुन्हा करण्याच्या समान उद्देशाने जमली की तो बेकायदा जमाव ठरतो, आणि कलम १९० प्रमाणे त्या उद्देशापायी एकाने केलेल्या गुन्ह्याला प्रत्येक सदस्य जबाबदार असतो. नुसत्या बघ्याला यात गोवता येत नाही हे खरे. पण ज्याच्या उजेडात पिशवी तपासली गेली त्याला बघ्या म्हणायचे का? मी स्वतःची बाजू बऱ्याचदा मांडून पाहिली. पटली नाही.

नव्या संहितेतला खरा बदल कलम १०३ च्या दुसऱ्या पोटकलमात आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केला, तर त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. गंभीर दुखापत केली तर कलम ११७ खाली सात वर्षांपर्यंत कैद. जन्मस्थान आणि भाषा! आमचा पहिला प्रश्नच मुळी 'खयचो रे तू' हा होता.

हे कलम हवेतून आले नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून ठार मारले गेले. मारहाण ग्रामपंचायतीच्या खोलीत झाली. त्याच महिन्याच्या १७ तारखेला तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. तरी १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. टाळेबंदीचे दिवस होते, चोर आल्याच्या अफवा होत्या, गावे पहाऱ्यावर होती. त्या पहाऱ्यांवरची माणसेही आमच्यासारखीच घर राखायला बाहेर पडली असणार.

कायद्याने राखणीला एक सरळ वाट ठेवली आहे, ती फारशी कोणाला ठाऊक नसते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ६३-ब खाली पोलीस अधीक्षक ग्रामसुरक्षा दल स्थापन करू शकतात. दल स्वयंसेवकांचेच, पण नेमणूक आणि नियंत्रण पोलिसांचे. होमगार्डही मुंबई प्रांतात १९४६ च्या दंगलींनंतर असेच उभे राहिले. १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडीला आरडीएक्स उतरले, त्यानंतर किनाऱ्याच्या बंदोबस्ताकडे लक्ष गेले; पुढे सागर रक्षक दलांत मच्छीमारांना पोलिसांचे डोळे-कान करण्यात आले. डोळे आणि कान. हात नव्हेत.

सरकारी शिक्का असला म्हणजे सगळे माफ, असेही नाही. छत्तीसगडमध्ये 'सलवा जुडूम'च्या काळात आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून, बंदुका देऊन माओवाद्यांपुढे उभे केले. ५ जुलै २०११ रोजी नंदिनी सुंदर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. बंदुकांचे वेड असलेल्या अमेरिकेतही १८८६ च्या प्रेसर खटल्यापासून खासगी सशस्त्र पथकांच्या संचलनाला राज्य बंदी करू शकते, हे मान्य आहे.

बंदुकीवरून आठवले. आपल्याकडे शेतकऱ्यांना पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, आणि राखणीला 'ती घेतलंव तर बरा' असे सुचवणारा कोणीतरी असतोच. तो परवाना डुकरापासून पीक वाचवण्यासाठी आहे. ती बंदूक खांद्यावर टाकून गस्त घातली तर परवाना तर जाईलच, वर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हाही ओढवेल.

आमची राखण नंतर दोन महिने चालली. काठ्या घरी ठेवल्या, शिट्ट्या घेतल्या. अनोळखी दिसला तर "गाडी चुकली काय?" असे विचारायचे, पिशवीला हात लावायचा नाही, गडबड वाटली तर ११२ ला फोन. ६३-ब चा अर्जही मीच लिहिला. दोघांनी राखण सोडली. म्हणाले, मग आमचो उपयोग काय? बॅटरी मी दुसऱ्याकडे दिली आणि वही घेतली. वेळ, गाडीचा नंबर, कोण भेटला. पहिल्या पानावर त्या चिरेखाणीवरच्या माणसाची नोंद मी मागाहून केली आहे. नाव लिहिता आले नाही. आम्ही ते विचारलेच नव्हते.