जाईजुई फुलत का नाही?

वेल गच्चीच्या कठड्यापर्यंत पोचली, पानं हिरवीगार, फूल मात्र चुकूनमाकून एखादं. जाई किंवा जुई लावलेल्या घरांतून ही तक्रार हमखास ऐकू येते. त्यावरचे उपायही ठरलेले असतात. आणखी खत घाला, रोज भरपूर पाणी घाला, ताक घाला, चहाचा चोथा घाला, आणि काहीही झालं तरी वेलीला कात्री लावू नका. यातला शेवटचा सल्ला सगळ्यांत जास्त नुकसान करतो, म्हणून त्यावर सविस्तर लिहायला हवं. पण त्याआधी अंगणातली वेल नक्की कोणती, हे पाहून घेतलेलं बरं.

रोपवाटिकेतून ‘जाई’ म्हणून काहीही हातात पडू शकतं. फुलं नसतील तर पानं पाहावीत. जाईचं पान संयुक्त असतं. एका दांड्यावर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या, साधारण सात ते नऊ पर्णिका, आणि टोकाची पर्णिका बाकीच्यांपेक्षा मोठी व टोकदार. कळीला बाहेरून गुलाबी झाक असते. जुईच्या पानात एकच पर्णिका मोठी असते आणि तिच्या बुडाशी कानाच्या पाळ्यांसारख्या दोन अगदी चिमुकल्या पर्णिका असतात. पान उलटून, बोटाने चाचपून पाहिलं तरच त्या लक्षात येतात. मोगऱ्याचं पान साधं, एकेकटं. कुंदाचंही साधंच, पण त्यावर बारीक लव असते. रातराणीचा मात्र या मंडळींशी काही संबंध नाही. ती वांग्या-बटाट्याच्या कुळातली, मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली, आणि तिची फळं-पानं विषारी. घरात लहान मूल असेल तर हा फरक माहीत असायलाच हवा. मधुमालतीही वेगळ्याच कुळातली आहे. संध्याकाळी पांढरी उमलून पुढच्या एक-दोन दिवसांत गुलाबी आणि मग लाल होणारी. एकाच घोसात तीन रंग दिसतात म्हणून ती कलमी असेल असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ते फुलाच्या वयाचे रंग आहेत.

‘कात्री लावली की वेल मरते’

आता मुख्य मुद्दा. जाई, जुई, मोगरा या तिघांचीही फुलं नव्या फुटीवर येतात. जुनं, राखाडी, लाकूड झालेलं खोड फक्त वेलीचा भार सांभाळतं. त्याच्यावर कळी धरत नाही. छाटणी न झालेल्या वेलीत नवी फूट फक्त वर, उन्हाच्या बाजूला निघते. आत आणि खाली वाळक्या काटक्यांचं जाळं होतं. जी थोडी फुलं येतात ती शेंड्याला, खालून दिसणारही नाहीत अशी. पाच-सहा वर्षं कात्री न लागलेली वेल मांडवाखाली उभं राहून वर बघितली की हे सगळं स्पष्ट दिसतं. हिरवं छत वीतभर जाडीचं, आणि त्याखाली नुसत्या काड्या.

ज्यांचं पोट या फुलांवर आहे ते शेतकरी दर वर्षी छाटणी करतात, आणि ती चांगली कडक करतात. तमिळनाडूत या फुलांची शेती मोठ्या प्रमाणावर होते. कोईमतूरच्या कृषी विद्यापीठाची शिफारस अशी, की मोगरा नोव्हेंबरच्या अखेरीस जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर आणि जुई जानेवारीच्या अखेरीस ४५ सेंटिमीटरवर छाटावी. म्हणजे गुडघ्याएवढी ठेवून बाकी सगळी कापायची. त्याच झाडांवरून पुढे हंगामभर फुलं काढली जातात. आपल्याकडे पालघर जिल्ह्यात विक्रमगड-जव्हारच्या पट्ट्यातले आदिवासी शेतकरी मोगरा लावून दादरच्या फुलबाजाराला पाठवतात. त्यांच्या शेतात पाहिलं तर झुडपं अशीच बुटकी, आटोपशीर ठेवलेली दिसतील.

मोसंबी-डाळिंबाचा बहार धरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, छाटायचं, खत घालायचं आणि मग पाणी सोडायचं, हा क्रम त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. जाईजुईचंही गणित तेच आहे. घरच्या वेलीसाठी डिसेंबर-जानेवारी हा काळ योग्य. छाटणीच्या आधी दहा-पंधरा दिवस पाणी कमी करावं. कुंडीतल्या वेलीचं मात्र पूर्ण बंद करू नये. कुंडीतली माती फार लवकर सुकते.

मांडवावर किंवा कमानीवर चढवलेली वेल गुडघ्यापर्यंत कापायची गरज नाही. मुख्य दोन-तीन खोडं तशीच ठेवावीत आणि त्यांना फुटलेल्या बाजूच्या फांद्या दोन-तीन पेरं ठेवून कापाव्यात. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आतल्या बाजूला वळलेल्या फांद्या मुळापासून काढून टाकाव्यात. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने साल चिरडली जाते आणि तिथून बुरशी शिरते. काप पेराच्या थोडा वर, तिरका घ्यावा. दोन-तीन आठवड्यांत त्या पेराशी, पानाच्या बेचक्यात कोंब दिसू लागतात. तो कोंब वाढेल, त्याच्या टोकाला कळ्यांचा झुबका धरेल. म्हणजे जितके कोंब तितके झुबके, आणि कापलेल्या एका फांदीला बहुधा दोन कोंब येतात.

पहिल्या वर्षीच्या रोपाला एवढी छाटणी नको. त्याचे नुसते शेंडे खुडावेत, म्हणजे फांद्या वाढतात. आणि भर पावसाळ्यात, वेल कळ्यांवर आलेली असताना कापणं म्हणजे हातचा बहार घालवणं. कुंदाचं वेळापत्रक वेगळं आहे. तो थंडीत फुलतो, म्हणून त्याची छाटणी बहार ओसरल्यावर.

खतपाण्याचे लाड

फुलं नाहीत म्हणून खत वाढवलं जातं, आणि बहुतेक वेळा ते नत्राचं असतं: युरिया, किंवा नुसतं शेणखत ढीगभर. नत्राने पानं वाढतात. आधीच पानांनी माजलेल्या वेलीला आणखी पानं फुटतात आणि कळी लांबते. छाटणीनंतर एकदा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, त्याबरोबर स्फुरद आणि पालाश असलेलं थोडं मिश्रखत, आणि फुलं चालू असताना अधूनमधून थोडं थोडं, एवढं पुरतं.

चहाच्या चोथ्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण तो घरोघरी टाकला जातो. आपला चहा दूध-साखरेचा. तो चोथा तसाच कुंडीत ओतला की मुंग्या येतात, वर बुरशीचा थर धरतो. धुऊन, वाळवून कंपोस्टमध्ये घातला तर चांगला. त्याने फुलं मात्र येत नाहीत.

पानं पिवळी पडली की पाणी कमी पडतंय असं समजून आणखी पाणी ओतलं जातं. आधी पान नीट पाहावं. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्याच राहिल्या असतील, तर ती लोहाची कमतरता. देशावरच्या चुनखडीच्या, विम्ल जमिनीत हे वारंवार होतं. मातीत लोह असतं, पण झाडाला ते घेता येत नाही. कृषी दुकानात मिळणारं हिराकस लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावं, महिन्याने पुन्हा. मुळांशी पाणी साठत असेल तर तेही थांबवावं, कारण पाण्यात बुडालेल्या मुळांनाही लोह घेता येत नाही.

सगळं करूनही फुलं नसतील तर वेलीवर किती तास ऊन येतं ते पाहा. पाच-सहा तास थेट ऊन हवंच. इमारतीच्या उत्तरेकडच्या गॅलरीत जाई जगते, वाढते, पण फुलत नाही. तिथे कोणतंही खत कामाचं नाही. कुंडी हलवणं हाच उपाय.

‘वासावर साप येतात’

जाई, जुई, रातराणी, केवडा यांच्या सुवासाला भुलून साप येतो, ही समजूत इतकी घट्ट आहे की तिच्यामुळे कित्येकांनी दारातल्या वेली उपटून टाकल्या आहेत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण सापाला फुलांच्या वासाशी काहीच देणंघेणं नाही. साप दुभंगलेली जीभ बाहेर काढून हवेतले आणि जमिनीवरचे गंधकण टिपतो आणि टाळूतल्या एका खास अवयवाकडे पोचवतो. त्यातून तो भक्ष्य, जोडीदार आणि धोका शोधतो. फुलात मध असेल, पण साप मध खात नाही.

मग लोकांना वेलीखाली साप दिसतात, ते खोटं का? खोटं नाही. न छाटलेल्या वेलीच्या बुडाशी पालापाचोळा साठतो, गारवा आणि ओल टिकते. रात्री उमलणाऱ्या फुलांवर कीटक येतात, कीटकांमागे पाली आणि बेडूक, पाचोळ्यात उंदीर. साप येतो तो त्यांच्यासाठी. पावसाळ्यात बिळात पाणी शिरल्यावर तर कोरड्या आडोशाच्या शोधात तो कुठेही येतो, आणि नेमका तोच जाईच्या फुलण्याचा काळ असतो. म्हणून वेल उपटू नये. बुडाजवळची हातभर जागा मोकळी ठेवावी, खालच्या फांद्या उचलून बांधाव्यात, पाचोळा रोज झाडावा, विटा-फरश्यांचे ढीग तिथे रचू नयेत. रात्री फुलं काढायला जाताना बॅटरी हातात असावी. ती तर वेल नसली तरी असावी.

रात्री वेलीजवळ झोपू नये कारण ती ‘विषारी वायू’ सोडते, असंही ऐकू येतं. झाडं रात्री श्वसन करतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात हे खरं, पण खोलीत झोपलेल्या एका माणसाच्या तुलनेत ते प्रमाण नगण्य आहे. उग्र वासाने काहींचं डोकं मात्र खरोखर दुखतं. अशांनी कुंडी खिडकीपासून लांब ठेवावी.

वेल आंब्यावर सोडली की आंब्याचा रस शोषते, ही भीतीही अशीच. रस शोषते ती अमरवेल आणि बांडगूळ. जाईजुईची मुळं स्वतःच्या मातीत असतात. काकडी-दोडक्यासारखे तणावेही त्यांना नसतात, म्हणून त्या नुसत्या रेलतात आणि त्यांना सुतळीने सैल बांधून वळण द्यावं लागतं. आंब्यावर सोडू नये ते वेलीच्याच भल्यासाठी. तिथे सावली फार.

जांभळ्या पडणाऱ्या कळ्या

मोगऱ्याच्या पांढऱ्या कळ्या अचानक गुलाबी-जांभळ्या होऊन गळू लागल्या की कोणी नजर लागली म्हणतं, कोणी जात बदलली म्हणतं. ही कीड असते. एक कळी पोखरणारी अळी. तिने कळीला बारीक गोल भोक पाडलेलं दिसतं आणि शेजारच्या कळ्या रेशमासारख्या धाग्याने चिकटलेल्या असतात. दुसरी एक बारीक माशी, जिच्या अळ्या कळीच्या बुडाशी राहतात. त्या कळ्या फुगतात, वाढ खुंटते, जांभळ्या होऊन वाळतात. या माशीचे कोष मातीत होतात, म्हणून नुसतं वरून फवारून ती जात नाही. बाधलेल्या कळ्या रोज वेचून नष्ट कराव्यात, खालची माती वरवर उकरून उन्हात तापू द्यावी आणि निंबोळी अर्क फवारावा. जाईच्या कळीची गुलाबी झाक मात्र जन्मजात आहे. तिच्यावर औषध मारू नये.

वास कधी आणि किती

‘आमच्या जुईला वासच नाही’ असं म्हणणारे बहुतेक वेळा दुपारी वास घेत असतात. ही फुलं निशाचर पतंगांना बोलावण्यासाठी संध्याकाळनंतर उमलतात आणि वास तेव्हाच सोडतात. गजऱ्यासाठी पहाटे मिटलेल्या कळ्या काढतात याचं कारण हेच. वास अजून कळीत असतो आणि फूल वेणीत उमलतं.

तोडलं की फूल संपलं, हाही समज जाईच्या बाबतीत चुकीचा आहे. तोडल्यावरही काही तास ती सुवास तयार करत राहते. फ्रान्समधल्या ग्रास गावात, जिथली जाई १९२१ साली आलेल्या शनेल नंबर फाइव्ह या अत्तरामुळे जगभर गाजली, पूर्वी ताजी फुलं चरबीच्या पातळ थरावर पसरून ठेवत आणि ती चरबी वास ओढून घेई. गुलाबासारखं वाफेवर काढायला गेलं तर जाईचा नाजूक वास बिघडतो. आता द्रावक वापरून अर्क काढतात. एक किलो फुलांसाठी सात-आठ हजार फुलं खुडावी लागतात आणि शुद्ध अर्काच्या एका किलोला ६०० किलोहून अधिक फुलं लागतात. त्यामुळे पन्नास-शंभर रुपयांच्या ‘जाईच्या अत्तरा’त जाईचं फूल सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

गोव्यात मार्दोळच्या म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते, तेव्हा देवीपुढे या फुलांची रास घातलेली असते. इतकी फुलं देणाऱ्या वेली कोणी तरी वर्षभर राखलेल्या असतात, छाटलेल्या असतात.

छाटणीच्या काड्या फेकू नयेत. पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार पेरांची काडी घेऊन खालची पानं काढावीत आणि दोन पेरं ओलसर रेताड मातीत जातील अशी खोचावी. सगळ्या काड्या लागत नाहीत, म्हणून पाच-सहा लावाव्यात. पावसाळ्यात त्या जास्त सहज मुळं धरतात. त्याहून खात्रीचा मार्ग दाबकलमाचा. खालची एक लवचीक फांदी जमिनीकडे वाकवून, पेराजवळची साल जराशी खरवडून मातीत दाबावी आणि वर दगड ठेवावा, टोक बाहेर राहू द्यावं. दोन-तीन महिन्यांनी फांदी हलक्या हाताने ओढून पाहावी. ती निघत नसेल तर मुळं धरली आहेत. तेव्हा आईवेलीच्या बाजूने कापून नवं रोप वेगळं करावं.