रक्ताला परकं न वाटणारं प्लॅस्टिक

मण्यार चावल्याची खूण अनेकदा दिसतही नाही. काही तासांत पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात डॉ. सदानंद आणि डॉ. पल्लवी राऊत या दांपत्याने सर्पदंशाच्या असंख्य रुग्णांवर उपचार केले आहेत. अशा वेळी प्रतिविषाच्या जोडीला व्हेंटिलेटर जीव वाचवतो, कारण रुग्णाचं फुफ्फुस शाबूत असतं. हवा आत ढकलली की पुढचं काम ते स्वतः करतं.

गंभीर न्यूमोनियात मात्र फुफ्फुसच निकामी होऊ लागतं. हवा कितीही ढकलली तरी ऑक्सिजन रक्तात पुरेसा उतरत नाही. मग शेवटचा आधार उरतो तो ‘एक्मो’चा. रक्त शरीराबाहेर आणायचं, त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून ऑक्सिजन भरायचा आणि ते परत आत सोडायचं. करोनाच्या साथीत हे नाव घरोघरी पोचलं.

या यंत्राचा जीव प्लॅस्टिकच्या पडद्यात असतो. एका डब्यात, म्हणजे ऑक्सिजनेटरमध्ये, हजारो बारीक, पोकळ तंतू बसवलेले असतात. त्यांच्या आतून ऑक्सिजन वाहतो, बाहेरून रक्त. माणसाच्या फुफ्फुसात या देवघेवीसाठी सुमारे 70 चौरस मीटर जागा असते. प्रौढांसाठीच्या कृत्रिम फुफ्फुसात जेमतेम दोन.

1953मध्ये अमेरिकेत जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या मदतीने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तेव्हा रक्त थेट ऑक्सिजनच्या संपर्कात येत असे. फार वेळ तसं केलं तर रक्तपेशींना इजा होते. म्हणून मध्ये पडदा आला. आधी सिलिकॉनचा, पुढे पॉलिप्रॉपिलीनचा. पॉलिप्रॉपिलीनच्या सूक्ष्म छिद्रांतून वायू सहज जातो, पण रक्तातले स्निग्ध घटक छिद्रांवर बसले की रक्तद्रव आत झिरपू लागतो. पॉलिमिथाइलपेंटीनच्या तंतूंवर बाहेरून अखंड, अतिशय पातळ साल असते. त्यामुळे गळती टळली आणि एकच ऑक्सिजनेटर अनेक दिवस चालू लागला.

गुठळ्यांचा प्रश्न मात्र तसाच आहे. रक्त प्लॅस्टिकला लागताच प्रथिनांचा थर बसतो, त्यावर प्लेटलेट चिकटतात. टोमॅटोच्या शेतात ठिबकचे ड्रिपर क्षारांनी चोंदले तर ॲसिड सोडून नळ्या धुता येतात. इथे रुग्णाचं रक्त वाहत असतं. म्हणून हेपारिन देऊन रक्त गोठू द्यायचं नाही, आणि मग रक्तस्रावाचा, प्रसंगी मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका पत्करायचा.

त्यामुळे आजचं संशोधन पडद्याच्या पृष्ठभागावर एकवटलं आहे. काही तंतूंवर हेपारिनच पक्कं बसवतात. काहींवर फॉस्फोरिलकोलीनचा लेप देतात, कारण रक्तपेशींच्या बाह्य आवरणातही हाच घटक असतो. निरोगी रक्तवाहिन्यांप्रमाणे नायट्रिक ऑक्साइड सोडणारे पृष्ठभागही तपासले जात आहेत. लेप जाड झाला तर वायू अडतो, कच्चा राहिला तर रक्ताबरोबर वाहून जातो. कसोटी आहे ती इथेच.

पोकळ तंतूंची विद्या पुण्यात आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा पडद्यांवर दीर्घकाळ काम झालं आहे. 2020मध्ये पुण्याच्याच जेनरिच मेम्ब्रेन्सने हवेतला ऑक्सिजन 35 ते 40 टक्क्यांपर्यंत वाढवणारं उपकरण तयार केलं. त्यातले तंतू हवा गाळतात, रक्ताला लागत नाहीत. मधलं अंतर ओलांडायला रसायनशास्त्रज्ञ, अतिदक्षता विभागातले डॉक्टर आणि ही यंत्रं चालवणारे परफ्युजनिस्ट यांनी एकत्र बसायला हवं. सुरुवात प्रयोगशाळेतूनच होईल: लेप दिलेल्या तंतूंवरून तासन्‌तास रक्त फिरवायचं, प्लेटलेट किती उरल्या ते मोजायचं आणि डब्यातला दाब कुठे वाढतो ते पाहायचं.