कुरमुरे चुरले, अंडं वाचलं

कळव्याच्या कारशेडमध्ये मी वर्षानुवर्षं लोकलच्या बोगींच्या स्प्रिंगा तपासल्या. नातू इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजात अंडं टाकायची स्पर्धा असल्याचं त्यानं सांगितलं, तेव्हा माझे हात शिवशिवले.

नियम सोपा. कच्चं अंडं डब्यात बंद करून इमारतीवरून सोडायचं. ते शाबूत राहिलं पाहिजे, आणि ज्याचा डबा सर्वांत हलका तो जिंकला. सराव आम्ही आमच्याच गच्चीवरून केला. चार मजले, म्हणजे सुमारे १२ मीटर. एवढ्या उंचीवरून सोडलेली वस्तू दीड सेकंदात खाली येते आणि टेकताना तिचा वेग ताशी ५५ किलोमीटर असतो.

पहिला डबा स्टीलचा, आत पातळ स्पंज. डब्याला साधा पोचा आला, पण अंड्याचा चिखल झाला. आजोबांचं गणित मग कामी आलं. अंडं १२ मीटर पडून ५ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या साधारण २४०० पट भार येतो. ५५ ग्रॅमच्या अंड्यावर १३२ किलो! तेच ५ सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर १३ किलो. अंडं वाचवतं ते थांबायला मिळालेलं अंतर.

दुसऱ्या वेळी रबरबँडचा झोपाळा केला. डबा उसळला, उलटा आपटला आणि दुसऱ्या दणक्यात अंडं गेलं. स्प्रिंग काय, रबर काय, घेतलेला धक्का परत करतं. म्हणून तर बोगीत स्प्रिंगच्या जोडीला डॅम्पर लागतो, धक्का जिरवायला.

तिसऱ्या वेळी नातवानं पुठ्ठ्याच्या खोक्यात कुरमुरे भरले आणि मधोमध अंडं ठेवलं. कुरमुऱ्यांनी ते चहूबाजूंनी धरलं, भार एका जागी येऊ दिला नाही, आणि स्वतः चुरले. अंड्याला चीरसुद्धा गेली नाही. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानाच्या पायांतही असंच चुरडणारं, मधाच्या पोळ्यासारखं ॲल्युमिनियम होतं.

खोकं पुन्हा टाकायचं म्हणून नातू तेच कुरमुरे भरू लागला. मी थांबवलं. एकदा चुरलेले कुरमुरे दुसरा धक्का घेत नाहीत. आणि मला त्याचं हेल्मेट आठवलं. पावसाळ्यात कळवा पुलावर तो स्कूटरवरून घसरला होता, तेव्हा आपटलेलं. बाहेरून फक्त ओरखडा, पण आतला थर्माकोल एका बाजूला दबलेला. त्या थर्माकोलनं आपलं काम तेव्हाच केलं होतं.

त्याच संध्याकाळी आम्ही नवं हेल्मेट आणलं.