भिंतीवरची काळी मुलगी

कोलकात्याच्या छायाचित्रकार लीना केजरीवाल यांचा ‘मिसिंग’ प्रकल्प माहीत आहे का? देहव्यापारासाठी पळवल्या जाणाऱ्या मुलींवरचं हे काम २०१४ च्या दिल्लीतल्या इंडिया आर्ट फेअरमध्ये लोकांसमोर आलं. आभाळाला भोक पडावं तशी मुलीची काळीकुट्ट आकृती: ना डोळे, ना चेहरा. पुढे तिचं स्टेन्सिल झालं आणि गावोगावचे स्वयंसेवक ती भिंतींवर रंगवू लागले. कापलेला साचा भिंतीला धरायचा, काळा रंग मारायचा, साचा उचलायचा. चित्रकला येत नसली तरी चालतं, म्हणूनच मला ही कल्पना भारी वाटते!

एक खटकतं: आकृती फक्त मुलीचीच. केंद्र सरकारच्या २००७ च्या बाल-अत्याचार अभ्यासातल्या राज्यांत उत्तर प्रदेश होतं, महाराष्ट्रही होतं. लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांत ५२.९४ टक्के मुलगे निघाले. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदाही मुलगा-मुलगी भेद करत नाही. मग भिंतीवर मुलगा का नको?

लखनौकर मित्रांनो, हजरतगंज-अमीनाबादकडे अशी भिंत रंगवणार असाल तर आधी मालकाची परवानगी घ्या. आणि चित्राखाली १०९८ ठळक लिहा, शाळकरी पोराच्या नजरेच्या उंचीवर. मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो.