जुन्या मोटारीचे चकाकते भाग : दुरुस्ती कीं बदल ?

मोटारगाडीच्या अंगावर बंपर, दिव्यांच्या कडा, पुढील जाळी, दारांवरील पट्ट्या असे जे चकाकते भाग असतात, त्यांस बरेच लोक केवळ दागिने समजतात. गाडी नवी असतां ही समजूत फारशी बाधत नाहीं. पोचा आला कीं भाग काढावा आणि दुकानांतून दुसरा आणून बसवावा. परंतु गाडी ५०-६० वर्षांची झाली म्हणजे प्रश्न निराळा होतो. आपल्या पालकांपैकीं पुष्कळांनीं ज्या गाडींतून प्रवास केला, ती फियाट अकराशे, व पुढें प्रीमियर पद्मिनी या नांवानें निघालेली तीच गाडी, मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होत असे. तिचें उत्पादन बंद होऊन २० वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या टॅक्सींतूनही ती दिसेनाशी झाली. अशा गाडीचा मूळ भाग एकदां भंगारांत गेला, कीं त्याच्या जोडीचा पुन्हां मिळेलच असें नाहीं. म्हणून तो टाकण्यापूर्वीं सुधारतां येईल काय हें पाहणें अगत्याचें आहे. आणि तें ठरविण्यास प्रथम एकच प्रश्न विचारावा लागतो : हा भाग कोणत्या धातूचा आहे?

बाहेरून सारेच सारखे चकचकीत दिसतात. याकरितां भाग उलटून पाहावा व त्यास लोहचुंबक लावावा. चुंबक चिकटला आणि पाठीमागें तांबूस गंज दिसला, तर तें मुलामा दिलेलें पोलाद होय. चुंबक चिकटत नाहीं व भाग हातास जड लागतो, तर तो बहुधा जस्ताच्या ओतकामाचा. हलका असेल तर अॅल्युमिनियमचा. न गंजणाऱ्या पोलादाच्या बाबतींत मात्र चुंबकावर विसंबूं नये, कारण त्याच्या कांहीं जातींस चुंबक ओढतो व कांहींस नाहीं. तेथें पाठीकडून पारख करावी : पुढें-मागें एकच धातू, गंज नाहीं आणि पापुद्राही नाहीं.

मुलाम्याविषयीं एक गैरसमज सार्वत्रिक आहे. कल्हईवाला तापल्या भांड्यावर कथील फिरवी, तसा हा एकच थर असावा असें वाटतें. वस्तुतः विजेच्या प्रवाहानें प्रथम बहुधा तांब्याचा, त्यावर निकेलचा व शेवटीं क्रोमियमचा थर चढवितात. हा शेवटचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. तो निळसर झाक व कठिणपणा देतो. पण गंजापासून खरें संरक्षण त्याखालील निकेल करीत असतें. वर नुसते तांबूस ठिपके असतील, तर अॅल्युमिनियमचा पातळ कागद पाण्यांत भिजवून हलक्या हातानें घांसावा. तो क्रोमियमहून मऊ असल्यानें ओरखडा न पडतां गंज निघतो. मग कोरडें पुसून मेण लावावें. निकेलच फुगून पापुद्रे सुटूं लागले असतील, तर मात्र मुलाम्याच्या कारखान्याची वाट धरावी. तेथें जुना मुलामा उतरवून पोलाद गुळगुळीत करितात, व पैसा मुख्यतः याच श्रमांचा पडतो. कारण मुलामा खालचा एकही ओरखडा झांकीत नाहीं, उलट उठवून दाखवितो. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशोब करणारा शुभवर्तमानांतील मनुष्य येथें आठवावा व दर आधीं विचारावा. हौशी विद्यार्थ्यांस निक्षून सांगणें आहे कीं, हा प्रयोग घरीं करूं नये. मुलाम्याच्या जुन्या पद्धतीच्या हौदांत जें क्रोमियम असतें, त्याची वाफ श्वासावाटें जाऊन कर्करोग होऊं शकतो.

न गंजणाऱ्या पोलादाच्या पट्टीचें काम हातांस अधिक आनंद देणारें आहे. पट्टी पालथी धरून खालीं गुळगुळीत ऐरण वा कठीण लांकडाचा ठोकळा घ्यावा, आणि पोच्यावर पाठीमागून लहान हातोडीनें, कडेपासून मध्याकडे, हलके ठोके द्यावे. एका दणक्यांत पोचा काढण्याची घाई केली, कीं धातू ताणला जातो आणि खड्ड्याच्या जागीं टेंगूळ येतें. तें बसविणें दुप्पट कठीण. मधून मधून दर्शनी बाजूवर बारीक कानस फिरवावी. उंच जागा तेवढ्या घांसल्या जातात, सखल तशाच राहतात, व पुढचा ठोका कोठें द्यावा तें कळतें. नंतर ३२०, ६००, १००० अशा चढत्या बारकाईचा पॉलिश-कागद ओला करून घांसावा व बफच्या चाकावर जिल्हई द्यावी. लांब पट्टी चाकावर धरणें हें जाणत्याचें काम आहे. कड अडकली तर पट्टी हिसकली जाऊन बोटें जायबंदी होतात.

जस्ताचे ओतीव भाग, बहुधा दारांच्या मुठी व नांवाचीं अक्षरें, सर्वांत नाजूक. हा मिश्रधातू ४०० अंश सेल्सियसच्या आंतच वितळतो, म्हणून जोडकामाची ज्योत जवळ नेली कीं तो ओघळतो. त्यांतील खड्डे कोरून, तांब्याचा जाड थर वा मंद उष्णतेचा डाख भरून पुन्हां मुलामा देणारे कारागीर आहेत, परंतु थोडे. येथें बदल करणेंच पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें.

माझ्या मतें खरा धोका भागाच्या पुढें नसून मागें असतो. पट्टी व पत्रा यांच्यामध्यें पावसाचें पाणी साचतें, क्लिपांच्या छिद्रांपासून गंज सुरू होतो, आणि अॅल्युमिनियमची पट्टी पोलादी क्लिपेस टेकली असेल तर ओलाव्यांत ती पट्टीही खाल्ली जाते. म्हणून क्लिपा शक्यतों आंतून सैल कराव्या. बाहेरून उचकटणें भागच पडलें, तर रंगावर कागदी चिकटपट्टी लावून लांकडी पाचर वापरावी. परत बसवितांना छिद्रांस रंग व मेण भरावें.

भाग बदलावयाचाच ठरला, तर गाडीच्या वर्षाशीं जुळवावा. फोर्डच्या मॉडेल ए गाडीच्या रेडिएटरचें कवच १९२८ व १९२९ सालीं निकेलच्या मुलाम्याचें असे. १९३० पासून तें न गंजणाऱ्या पोलादाचें झालें. निकेलची छटा किंचित् पिवळसर असते. १९२८ च्या गाडीवर क्रोमियमची निळी लखलख चढविली, तर ती कितीही सुबक असली तरी त्या गाडीची नव्हे. नव्यानें घडविलेला भाग प्रथम न रंगवितां, न घांसतां, गाडीवर नुसता धरून पाहावा. छिद्रें पुष्कळदां जुळत नाहींत. आणि काढलेला जुना भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवावा, म्हणजे पुढें कारागिरास माप घ्यावयास तो उपयोगी पडतो.